डिटेलिंगचा भाव सांगण्याआधी गाडी तपासायची कशी?

"किती घेता जी?" गाडी शेडमध्ये शिरायच्या आधीच खिडकीतून हा प्रश्न येतो, आणि डिटेलिंग, म्हणजे गाडीची आतून-बाहेरून बारीक सफाई आणि पॉलिश, करणारे आपल्यातले बरेच जण उभ्या उभ्या आकडा सांगून मोकळे होतात. छोटी गाडी एवढे, मोठी गाडी एवढे. मग संध्याकाळी दोन पोरं एकाच बोलेरोच्या सीटखाली डोकं घालून बसलेली असतात, दुसरी गाडी बाहेर उन्हात उभी असते आणि मालक चहाच्या टपरीवरून तिसऱ्यांदा विचारतो, "झाली का?"

मीही हेच केलंय. सुरुवातीच्या काळात एक बोलेरो आतून-बाहेरून १,८०० रुपयांत घेतली. सीटच्या पटरीत सोयाबीन, मॅटखाली वाळलेला चिखलाचा गारा, डिक्कीत जनावरांच्या ढेपेचं तेल मुरलेलं आणि डॅशबोर्डच्या मागे उंदराचं घर. दोन दिवस गेले. पोरांची मजुरीही निघाली नाही.

तेव्हा एक गोष्ट समजली, ती आधी सांगतो, कारण खालची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. घाण वेगळी आणि नुकसान वेगळं. घाण काढायला तास लागतात. नुकसान काढायला कसब लागतं, आणि काही नुकसान निघतच नाही. चिखलाने भरलेली शेतकऱ्याची गाडी दोन धुण्यांत चमकू शकते, आणि ड्रायव्हरने रोज कोरड्या फडक्याने पुसलेली, लांबून चकाचक दिसणारी काळी गाडी तुमचे दोन दिवस खाऊ शकते. भाव दोन्हीचा वेगळा लावायचा, तर आधी दोन्ही वेगळं दिसलं पाहिजे.

## तयारी

फार सामान लागत नाही, पण जे लागतं ते हाताशी असू द्या. तपासणीच्या मधे टॉर्च शोधायला गेलात की नजर तुटते.

चांगला पांढरा एलईडी टॉर्च, दोन स्वच्छ मायक्रोफायबर कपडे (एक पांढरा, एक गडद), प्लॅस्टिकची पातळ पन्नी, पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं मिसळलेली बाटली, जाड हातमोजे, मास्क, मार्किंगसाठी रंग न उचलणारा टेप, वही आणि मोबाईल. जमलं तर रंगाची जाडी मोजायचं मीटर घ्या. पॉलिशचं काम नियमित करत असाल तर हे मीटर पहिल्या चुकीतच पैसे वसूल करतं.

जागा सावलीची. आपल्याकडे विदर्भात एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि बोनेटवर हात टेकवत नाही. तापलेल्या पत्र्यावर पाणी, व्हिनेगर, पॉलिश यातलं काहीच लावायचं नाही. गाडी लांबून आली असेल तर बोनेट उघडून अर्धा तास थांबा. तोवर चहा पाजा, गिऱ्हाईक बोलतं होतं आणि गाडीची अर्धी कुंडली तिथेच कळते.

## १. फोनवर आकडा द्यायचा नाही

"अंदाजे तरी सांगा" या वाक्याला बळी पडू नका. फोनवर सांगितलेला अंदाज गिऱ्हाईकाच्या डोक्यात पक्का भाव म्हणून बसतो. त्याऐवजी विचारा:

- गाडी कोणती, कोणत्या साली घेतली, पहिल्या हाताची की जुनी घेतलेली?
- कुठे उभी असते? घराच्या शेडमध्ये, कडुनिंबाखाली, की खाणीच्या किंवा सिमेंट कारखान्याच्या पार्किंगमध्ये?
- कोणत्या पाण्याने धुता? बोअर की नळ?
- डेंटिंग-पेंटिंग झालंय का, कोणत्या बाजूला?
- आत काही सांडलंय का? दूध, ढेप, फवारणीचं औषध?
- गाडी कशासाठी करायची आहे? विकायची, लग्नाला न्यायची, की स्वतःला वापरायची?

शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि तोच सगळ्यात कामाचा. विकायच्या गाडीला वरवरची चमक पुरते. पुढची पाच वर्षं वापरणाऱ्याला काच आणि सीट महत्त्वाच्या. लग्नाच्या गाडीला मंगळवारी सकाळी तयार म्हणजे मंगळवारी सकाळीच.

## २. किल्ली हातात घेताना

गाडी सुरू करा, मालकासमोर. डॅशबोर्डवर कोणते दिवे पेटून राहतात ते पाहा: इंजिनचा, एअरबॅगचा, बॅटरीचा. एसी, चारही काचा, वायपर, हॉर्न, सेंट्रल लॉक, टेप चालू-बंद करून पाहा. किलोमीटर आणि डिझेलचा काटा यांचा फोटो काढा.

त्यानंतर गाडीभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे एक फेरी मारा आणि प्रत्येक पॅनेलचा फोटो घ्या. आरशाची खोबणी, नंबर प्लेट, बंपरचे कोपरे, चारही रिम.

सावध: ही फेरी मालक गेल्यावर मारली तर तिला काही किंमत नाही. एका गाडीची मागची काच आधीपासून अडकत होती. मी नंतर सांगितलं तर मालक म्हणाला, "आणली तेव्हा तर चालत होती जी." काचेच्या मोटरचे पैसे माझ्या खिशातून गेले.

## ३. न धुता पाहा

बरेच जण गाडी आली की आधी पाणी मारतात. थांबा. घाण हा पुरावा आहे, तो धुऊन टाकल्यावर गाडी कुठून आली ते कळत नाही.

दोन्ही बाजूंच्या दारांवर आडव्या लांब रेषा दिसल्या तर गाडी शेतातल्या पांदण रस्त्याने जाते, त्या बाभळीच्या फांद्या आहेत. मागच्या दारावर खिडकीपासून मागे ओघळलेले तपकिरी-लाल डाग म्हणजे पुढे बसणारा खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातो. हे डाग रबराच्या पट्टीत आणि दाराच्या खाचेत मुरतात. आतल्या दाराचा खिसाही उघडून पाहा, कारण जो खिडकीतून थुंकतो तो कधीकधी बाटलीतही थुंकतो आणि बाटली कलंडते.

वणी, घुग्गुस, माजरी भागातून आलेल्या गाडीवर काळसर, तेलकट वाटणारी धूळ असते. कोळशाची ही धूळ निरुपद्रवी नाही. कोरड्या फडक्याने ओढली की ती पॉलिश पेपरसारखी घासते. अशी गाडी दिसली की ड्रायव्हरला विचारा, "रोज पुसता का?" तो अभिमानाने "हो" म्हणेल. तिथेच वहीत "रोज कोरडं पुसतो" असं लिहा, पॉलिशचे तास वाढणार.

गडचांदूर-आवारपूर बाजूच्या गाडीवर राखाडी थर आणि कडेला घट्ट झालेले ठिपके दिसले तर ते सिमेंट असू शकतं. सिमेंटच्या धुळीला पाणी लागलं की ती जमते आणि ती अल्कधर्मी असल्याने रंगालाही खाते. नखाने खरवडून पाहू नका. काढताना खालचा रंग निघू शकतो, हे मालकाला आधीच सांगायचं.

खाली, दाराच्या तळाशी आणि चाकांच्या मागे काळे चिकट ठिपके असतील तर डांबर. नव्या रस्त्याचं काम सुरू असलेल्या गावातून आलेली प्रत्येक गाडी घेऊन येते. ते निघतं, पण ठिपका-ठिपका करून. बाजूला अंदाजे किती ठिपके आहेत ते मोजा. दहा आणि दोनशे यात दोन तासांचा फरक आहे.

तपासणी: या टप्प्यावर वहीत रुपये नसले पाहिजेत. फक्त "काय दिसलं" आणि "कुठे".

## ४. तपासणीपुरती धुलाई

आता धुवा, पण पूर्ण काम म्हणून नाही, पाहण्यासाठी. आधी प्रेशरने चाकांच्या कमानी मोकळ्या करा. काळ्या मातीचा गारा तिथे वाळून विटेसारखा बसतो, आणि पावसाळ्यात एका कमानीतून घमेलंभर निघतो. मग फोम, मग दोन बादल्यांनी हात: एक शाम्पूची, एक कपडा खंगाळायची. वरून खाली. खालच्या पट्ट्याचा कपडा वर नेऊ नका.

या धुलाईचे पैसे वेगळे सांगा. मी ३०० घेतो आणि गाडी कामाला दिली तर ते शेवटच्या बिलातून वजा करतो. फुकट धुतलीत तर "विचार करून सांगतो" म्हणून धुतलेली गाडी घेऊन जाणारे फार.

तुमचं स्वतःचं पाणी कसं आहे तेही पाहा. अकोला, दर्यापूर, तेल्हारा, शेगाव या खारपाण, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात शेड असेल तर बोअरचं पाणी गाडीवर वाळू देणं म्हणजे स्वतःच डाग पाडणं. एक-एक पॅनेल धुऊन लगेच पुसायचं. पाण्यातले क्षार दाखवणारं टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतं. शेवटच्या खंगाळणीला फिल्टरचं पाणी वापरा. नाहीतर गिऱ्हाईक तेच पांढरे ठिपके दाखवून तुमच्याशी भांडेल, आणि ते बरोबर असेल.

## ५. रंग तपासा

इथे घाई करायची नाही. पैसे इथेच बुडतात.

पन्नी फिरवा. धुतलेल्या, ओल्या पॅनेलवर हातात पातळ पन्नी घालून हलकेच फिरवा. खर्रा घोटायची पन्नी असते तेवढी पातळ असली की उत्तम. गुळगुळीत लागलं तर क्लेची (रंगात रुतलेले कण ओढून काढणाऱ्या मऊ गोळ्याची) गरज कमी. वाळूसारखं खरखरीत लागलं तर रंगात कण रुतलेत. छत आणि बोनेट इथे जास्त लागतं. पांढऱ्या गाडीवर बारीक तपकिरी ठिपके असतील, विशेषतः रेल्वे सायडिंगजवळ उभी राहणाऱ्या गाडीवर, तर ते लोखंडाचे कण. आयर्न रिमूव्हर मारल्यावर जांभळी धार आली की खात्री झाली.

टॉर्च तिरपा धरा. समोरून मारलेला उजेड काही दाखवत नाही. पत्र्यापासून दीड-दोन फुटांवर, तिरका. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसल्या तर ते धुण्या-पुसण्याचे ओरखडे, ते पॉलिशने बहुतेक निघतात. सरळ, एकट्या, खोल रेषा वेगळ्या.

नख लावा. रेषेवर आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिशने जाईल किंवा फिकट होईल. नख अडकलं तर ती क्लिअर कोटमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) खोल गेली आहे किंवा तो ओलांडून गेली आहे, ती पॉलिशने पूर्ण जाणार नाही. पांदणीच्या रेषांमध्ये दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी असतात. अडकणाऱ्या प्रत्येक रेषेला टेप लावा आणि मालकाला बोट लावून दाखवा, "ही राहणार."

नवीन पोरं इथे हमखास चुकतात. न जाणारी रेष घालवायला एकाच जागी मशीन धरून ठेवतात. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जाळला की पॅनेल रंगवून द्यावं लागतं.

रंग नवा की जुना? मीटर असेल तर आधी छताचं रीडिंग घ्या, कारण छत सहसा कोणी रंगवत नाही. कंपनीचा रंग बहुतेक गाड्यांवर एकूण ९० ते १४० मायक्रॉनच्या आसपास असतो. एखाद्या दारावर २००-२५० आलं तर ते रंगवलेलं आहे. ५०० च्या वर गेलं तर खाली पुट्टी आहे. उलट, छतापेक्षा बोनेट बरंच कमी दाखवत असेल तर आधी कोणीतरी जोरात पॉलिश मारलंय. तिथे तुम्ही पुन्हा मारायचं नाही. साधं मीटर लोखंडी पत्र्यावरच चालतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर ते काही सांगत नाही.

मीटर नसेल तर दाराच्या कडेला, रबराखाली आणि स्क्रूंवर पाहा. रबरावर रंगाची बारीक रेष, स्क्रूचा रंग उडालेला किंवा शेजारच्या पॅनेलपेक्षा संत्र्याच्या सालीसारखा जास्त खडबडीत पोत दिसला की समजा.

रंगवून महिनाही झाला नसेल तर पॉलिश, व्हॅक्स, कोटिंग काही नको. ज्या पेंटरने केलं त्याला फोन करून विचारा.

कापड रंगतं का? जुन्या पांढऱ्या किंवा लाल गाड्या, टॅक्सी पासिंगच्या गाड्या आणि गावातल्या गॅरेजला रंगवलेली पॅनेल यांच्यावर बऱ्याचदा क्लिअर कोट नसतो. कोपऱ्यात थोडं पॉलिश घेऊन कपड्याने घासा. लाल गाडीवर पांढरा कपडा लाल झाला, किंवा पांढऱ्या गाडीवर गडद कपड्यावर पांढरट आलं, तर रंग थेट उघडा आहे. काम होतं, पण पॅड लवकर भरतात आणि वेळ जास्त लागतो. मालकाला आधी सांगितलं नाही तर रंगलेला कपडा पाहून तो घाबरतो.

हेडलाइटसुद्धा इथेच पाहा. पिवळेपणा बाहेरून असेल तर घासून जातो. आतून धुकं किंवा पाणी असेल तर आपलं काम नाही, गॅरेजला पाठवा.

## ६. पाण्याचे डाग वेगळे तपासा

खारपाण पट्ट्यातल्या किंवा स्प्रिंकलरजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर पांढरी वर्तुळं असतात. ती दोन प्रकारची: वर बसलेली आणि आत खाल्लेली. दिसायला सारखी.

थंड पॅनेलवर एका डागावर व्हिनेगर-पाण्यात भिजवलेला कपडा मिनिटभर ठेवा, पुसा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. डाग गेला तर वर बसलेला होता, काम सोपं. कडा राहिली तर रंग खाल्ला गेलाय. तिथे पॉलिश लागेल आणि तरी पूर्ण जाईल याची खात्री देऊ नका. काचेवरच्या डागांना वेगळं पॉलिश आणि वेगळा वेळ लागतो. ते "बाहेरून" या शब्दात गृहीत धरू नका, बिलावर काच स्वतंत्र ओळीत लिहा.

पक्ष्यांची विष्ठा आणि समृद्धी महामार्गावरून येणाऱ्यांच्या बंपरवर चिकटलेले किडे यांचंही तेच: डाग वर बसलेला की रंग खाल्लेला ते पाहा.

## ७. आतली बाजू

आधी वास. चारही काचा आणि एसी बंद करून गाडी दहा मिनिटं उभी ठेवा, मग दार उघडून पहिला श्वास घ्या. पहिल्या श्वासात जे कळतं ते पाच मिनिटांनी कळत नाही, नाक सरावतं.

कुबट ओला वास असेल तर मॅट उचला, गालिच्यावर तळहात दाबा. ओलं लागलं तर पाणी कुठून येतंय ते आधी शोधायला लागेल, नाहीतर पंधरा दिवसांत वास परत येईल आणि गिऱ्हाईकही. वर्धा आणि पैनगंगेच्या काठच्या गावांतली गाडी असेल तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. आतल्या टोकाला चिखलाची रेष असली तर गाडी पुरात होती. स्टेपनीची खोबण आणि सीटच्या पटरीवरचा गंजही पाहा. अशा गाडीचं मी फक्त साफसफाईचं काम घेतो, वासाची हमी देत नाही.

ढेपेचा आंबट तेलकट वास डिक्कीतून येतो. नुसत्या शाम्पूने जात नाही, गालिचा काढावा लागतो. तो काढायचा-बसवायचा वेळ मोजा.

सावध: फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला किंवा डिक्कीत डाग दिसला तर हातमोजे, मास्क, चारही दारं उघडी, आणि पोरांना थांबवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. पण ते औषध गाडीच्या गालिच्यातही तेच असतं, हे आपण विसरतो. कोणतं औषध सांडलं हे मालकाला नावाने विचारा. बाटलीचं लेबल मिळालं तर वाचा. गरम वाफेचं मशीन त्यावर अजिबात मारू नका. नक्की काय आहे ते कळत नसेल तर ते काम नाकारायचं. दोन हजारांसाठी पोराला दवाखान्यात न्यायचं नाही.

वासानंतर वरून खाली. छताचं कापड हाताने हलकं दाबा. पोकळ लागलं किंवा लोंबत असलं तर गोंद सुटलाय. पाणी लावलं की खाली येईल. त्या छताला कोरडा ब्रश सोडून काही लावायचं नाही, आणि हे मालकाला दाखवायचं.

सीट पुढे-मागे शेवटपर्यंत सरकवा. पटरीत काय आहे ते टॉर्चने पाहा: सोयाबीन, तूर, सरकी, कुटार (पिकाचा भुसा), नाणी, गुटख्याच्या पुड्या. कुटार व्हॅक्यूममध्ये अडकतं आणि नळी तुंबते, त्याला ब्रश आणि हवेचं प्रेशर लागतं. पटरी भरलेली असेल तर दर सीटमागे अर्धा तास धरा. सीट काढायची वेळ आली तर खालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, ती सहसा एअरबॅगची वायर असते. तो सुटलेला असताना किल्ली फिरवली की डॅशवर दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो.

कपड्याच्या सीटवर ओला पांढरा कपडा दाबून उचला. कपडा काळा झाला तर एका शाम्पूत निघणार नाही, दोन फेऱ्या धरा. हळदीचे आणि गुलालाचे डाग वेगळे नोंदवा. लग्नसराईतली आणि मिरवणुकीतली गाडी ही दोन्ही घेऊन येते. हळदीवर अल्कधर्मी क्लीनर मारला की ती लालभडक होते आणि पोरं घाबरतात. आधी सीटच्या मागे, न दिसणाऱ्या जागी करून पाहा. पूर्ण जाईल असा शब्द द्यायचा नाही.

उंदराच्या लेंड्या, कुरतडलेला फोम, कापसाचे बोळे दिसले तर डॅशखाली आणि एसीच्या फिल्टरच्या जागी पाहा. वायर कुरतडलेली असेल तर फोटो काढा आणि इलेक्ट्रिशियनकडे पाठवा. आधी आपण धुतली आणि मग काही बंद पडलं, तर दोष आपल्याकडे येतो.

## ८. इंजिन आणि खालची बाजू

थोडक्यात. इंजिनवर थेट प्रेशर मारायचं नाही. बॅटरीचं टोक, फ्यूज बॉक्स, हवेचा फिल्टर झाकायला किती वेळ लागेल ते पाहा. ताज्या तेलाची गळती असेल तर साफ करू नका, आधी मेकॅनिक. साफ केलेलं इंजिन चार दिवसांनी पुन्हा तेलकट झालं की नाव आपलं खराब होतं. खाली वाकून सायलेन्सर आणि चेसिसवर गंज पाहा, फोटो घ्या.

## ९. वीतभर जागा करून पाहा

अंदाजावर भाव लावायचा नसेल तर हा टप्पा गाळू नका. बोनेटवर वीतभर चौकोन टेपने आखा. सगळ्यात हलकं पॉलिश आणि मऊ पॅड घेऊन एक फेरी. पुरलं तर तेच. नाही पुरलं तर एक पायरी वर. आत सीटचा एक कोपराही तसाच करा. घड्याळ लावा. चौकोनाला किती मिनिटं लागली त्यावरून पूर्ण गाडीचे तास निघतात.

टेप काढून मालकाला दाखवा. अर्धं झालेलं आणि अर्धं न झालेलं शेजारी-शेजारी पाहिल्यावर "कायले एवढे पैसे घेता?" हा प्रश्न बऱ्याचदा विचारला जात नाही. हे करताना वीज गेली तर थांबा, घाईत हाताने करून दाखवू नका. हाताचा आणि मशीनचा निकाल वेगळा येतो.

## १०. तास मांडा, मग रुपये

आता वही उघडा. आधी तुमच्या शेडचा एक माणूस-तास किती रुपयांना पडतो ते काढा. माझ्यासारख्या शेडचं उदाहरण घ्या, आकडे तुमचे तुम्ही भरा: दोन पोरं दिवसाला ५०० प्रमाणे २५ दिवस म्हणजे २५,०००. स्वतःची मजुरी २०,०००, भाडं ४,०००, वीज-पाणी ४,०००, मशीनची झीज ३,०००. एकूण ५६,०००. तिघं मिळून दिवसाला प्रत्येकी सहा तास खरं काम करतात असं धरलं तर महिन्याचे ४५० तास. ५६,००० भागिले ४५०, म्हणजे जवळपास १२५ रुपये.

आठ तास धरू नका. गाडी हलवणं, चहा, वीज, हिशोब यात दोन तास जातातच.

एका पांदणीतल्या बोलेरोचा हिशोब असा आला: धुलाई आणि खालची बाजू ३ तास, आतली बाजू ७, डांबर आणि क्ले ३, एक फेरी पॉलिश ६, शेवटचा हात १. एकूण २० माणूस-तास, म्हणजे २,५०० रुपये. साहित्य ७००. ३,२०० वर २० टक्के नफा धरला की ३,८४०. आणि न दिसलेल्या कामासाठी दहा टक्के, म्हणजे साधारण ४,२००. १,८०० मध्ये मी काय केलं होतं ते आता वहीत उघडं दिसतं.

नेहमीची चूक: गाडीच्या किमतीवरून भाव लावणे. २० लाखांची गाडी आहे म्हणून जास्त, जुनी ओम्नी आहे म्हणून कमी. ओम्नीतून रोज दूध जात असेल तर तास तिलाच जास्त लागतात.

## ११. भाव सांगताना

एक आकडा नाही, दोन सांगा. "३,८०० मध्ये होईल, आत काही निघालं तर ४,२०० च्या वर जाणार नाही. वर जायची वेळ आली तर आधी फोन करीन." वरची मर्यादा असली की माणूस निश्चिंत होतो.

मग काय निघणार, काय फिकं होणार आणि काय राहणार या तीन गोष्टी कागदावर लिहून फोटोसकट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि "ठीक आहे" असं उत्तर आल्यावरच पाणी सुरू करा. काकांना व्हॉट्सअ‍ॅप जमत नसेल तर कागदावर सही. ओळखीतल्या माणसाकडूनही घ्या, ओळखीतच जास्त बिनसतं.

घासाघीस होणारच. तेव्हा भाव कमी करू नका, काम कमी करा. "३,००० मध्ये करतो दादा, पॉलिश सोडू, आतलं आणि डांबर करू." असं म्हटलं की एकतर तो मान्य करतो किंवा पॉलिशसकट पूर्ण काम देतो. तेच काम कमी पैशात घेतलं तर पोरं कुठेतरी कोपरा सोडतात आणि तो कोपरा मालकाला पहिल्यांदा दिसतो.

## १२. गाडी गेल्यावर

संध्याकाळी दहा मिनिटं. वहीत धरलेले तास आणि लागलेले तास शेजारी लिहा, कारणासकट. माझ्या वहीत आतल्या बाजूच्या रकान्यात सगळ्यात जास्त फरक येतो: ७ धरले, ९ लागले, कारण "पटरीत कुटार". पावसाळ्याचं आणि उन्हाळ्याचं पान वेगळं ठेवा. आश्विन-कार्तिकात सोयाबीन घरी आलं की आतल्या बाजूला दीड तास आधीच वाढवून लिहितो, आणि आता हिशोब बहुतेक अर्ध्या तासाच्या फरकाने जुळतो.